मोर्च्यातली बाई सभागृहात जाते तेव्हा

मैत्रिणींनो, निवडणूक जवळ आली की आपल्या बैठकांमध्ये एक वाद हमखास होतो. संघटनेत काम करणाऱ्या बाईने निवडणुकीला उभे राहावे की नाही? साखरखेर्ड्यात आमच्या बायांच्या बैठकीतही तो अनेकदा झाला आहे. एक बाजू म्हणते, "तिकडं गेली की बाई आपली राहत नाही. पक्षवाले तिला गिळतात." दुसरी बाजू म्हणते, "मग आपलं गाऱ्हाणं कोणापुढं मांडायचं? तिथं आपलं कोणी तरी पायजे की नाही?" दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या बाया अनुभवी आहेत, आणि दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून हा वाद दरवेळी अर्धाच राहतो आणि उमेदवारी अर्ज भरायची तारीख निघून जाते. मग कुणा पुढाऱ्याची बायको, सून किंवा आई त्या राखीव जागेवर उभी राहते आणि कारभार तो पुढारी पाहतो.

या वादात माझे मत मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. बायांनी निवडणुकीत उतरावे, पण एकटीने उतरू नये आणि संघटनेने तिला तिथे पाठवून मोकळे होऊ नये, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी मृणाल गोरे यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आधार घेणार आहे. नव्या कार्यकर्त्या मुलींपैकी अनेकींना त्यांचे फक्त नाव ऐकून माहीत असते, काहींना तेही नसते. गोरेगावातल्या एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिले आहे. पण पुलावरून जाणाऱ्याला पुलाचे नाव वाचून त्या बाईचे काम कळत नाही.

आधी आमच्या गावाबद्दल थोडे. सिंदखेड राजा तालुक्यातले साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकात येते ते १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची इथे लढाई झाली, मुबारिझखान मारला गेला आणि पुढे हैदराबादच्या निजामशाहीचा पाया पक्का झाला. गावाला फत्तेखेर्डा असेही नाव मिळाले. त्या लढाईत ज्यांची पिके तुडवली गेली, ज्यांच्या विहिरींवर फौजेचे घोडे पाणी प्याले, त्या घरांतल्या बायांची नोंद कुठेही नाही. आमच्या तालुक्यात जिजाऊंचा जन्म झाला. आमच्याच जिल्ह्यात, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे होऊन गेल्या. 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक त्यांनी १८८२ साली छापले आणि विधवांना दोष देणाऱ्या समाजाला सडेतोड उत्तर दिले. इतकी मोठी नावे आमच्याकडे आहेत. १२ जानेवारीला सिंदखेड राजात लोटणारी गर्दी आम्ही दरवर्षी पाहतो. पण जयंतीला हार घालणे सोपे असते. जिवंत बाईच्या हातात ग्रामपंचायतीचा शिक्का राहू देणे फार अवघड जाते.

आता मृणालताईंकडे वळू. त्यांचा जन्म १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. हुशार विद्यार्थिनी म्हणून त्या वैद्यकीय शिक्षणाला गेल्या होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या इतक्या ओढल्या गेल्या की ते शिक्षण त्यांनी सोडले. १९४८ मध्ये सेवा दलातले सहकारी केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि दोघांनी गोरेगावात काम सुरू केले. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते. १९५७ मध्ये ते हद्दीत आले. १९५८ मध्ये केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. आपल्या समाजात अशा वयात विधवा झालेल्या बाईला काय सांगितले जाते ते आपल्याला माहीत आहे. 'आता मुलीकडे बघ, घरात बस.' त्या घरात बसल्या नाहीत. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या.

तिथे त्यांनी पाण्याचा प्रश्न धरला. उपनगरांतल्या चाळींना आणि झोपडपट्ट्यांना पुरेसे पाणी नव्हते. पाणी नाही याचा अर्थ बाईची झोप नाही, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रांगेत घागरी लावून बसणारी बाईच असते, आणि पाणी उशिरा आले म्हणून शिव्या खाणारीही तीच. सभागृहात पुरुषांना 'किरकोळ' वाटणारा हा प्रश्न मृणालताईंनी इतकी वर्षे इतक्या चिकाटीने लावून धरला की लोकांनी त्यांचे नावच 'पाणीवाली बाई' ठेवले. राजकारणात माणसांना 'साहेब', 'दादा', 'सम्राट' अशी बिरुदे मिळतात. या बाईला तिच्या कामाचे नाव मिळाले. माझ्या मते महाराष्ट्रात फार थोड्या राजकारण्यांना इतकी मोठी पदवी मिळाली असेल.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. ते दुष्काळाचे वर्ष. रेशनवर धान्य मिळेना, तेल-साखर-रॉकेल बाजारातून गायब झालेले. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताईंसोबत अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या होत्या. एक समाजवादी, दुसरी मार्क्सवादी, तिसरी कम्युनिस्ट. पक्षांचे आपसात पटत नव्हते, पण चुलीपुढच्या प्रश्नावर या बाया एकत्र बसल्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. एरवी कधी मोर्च्यात न गेलेल्या, घरातून बाहेर पडायला नवऱ्याची परवानगी लागणाऱ्या बायका त्यात होत्या. लाटणे हे हत्यार त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, ते रोज त्यांच्या हातात होते.

या काळातली एक गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. मृणालताई तेव्हा आमदार होत्या, तरी त्या रस्त्यावर होत्या. आमदार झाल्या म्हणून मोर्चा दुसऱ्यांवर सोपवून त्या विधान भवनाच्या गॅलरीतून तो बघत बसल्या नाहीत. सभागृहात प्रश्न विचारायचा, उत्तर मिळाले नाही की बायांसह रस्त्यावर यायचे आणि रस्त्यावरचा राग घेऊन पुन्हा सभागृहात उभे राहायचे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्या वादात 'रस्ता की सभागृह' असे दोन पर्याय समोर ठेवले जातात. त्यांनी ते दोन्ही एकाच वेळी चालवले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या भूमिगत झाल्या आणि काही महिन्यांनी पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना एकांत कोठडीत ठेवले गेले. शेजारी कुष्ठरोगी बाई आणि समोर मानसिक आजाराने आरडाओरडा करणारी कैदी बाई, अशी व्यवस्था सरकारने केली होती. राजकीय बाईला मोडायचे तर तिला इतर दुःखी बायांचा धाक दाखवायचा, हा सरकारचा हिशेब आपण लक्षात ठेवायला हवा. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' अशा अर्थाची घोषणा तेव्हा गाजली. घोषणा चटकदार होती, पण एका बाईच्या विजयाची मजा दुसऱ्या बाईला बुडवण्यात शोधणारी होती हेही खरे. पुढे जनता पक्षाचे सरकार कोसळले, पक्ष फुटले. आणीबाणीत मोडलेली महागाईविरोधी एकजूट पूर्वीच्या जोमाने पुन्हा उभी राहिली नाही. यातला धडा आपल्यासाठी कडू आहे. चळवळीतल्या पुढच्या फळीतल्या बाया दिल्लीला गेल्या आणि मागे मोहल्ल्यातल्या समित्या तितक्या मजबूत उरल्या नाहीत. पहिल्या बाजूच्या मैत्रिणींची भीती खोटी नाही, ती इथे दिसते.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे सिद्ध करणारे काम मृणालताईंच्या हातून पुढेच झाले. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भजल परीक्षा करून मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा उघड जाहिराती देऊन चालत होता. मुंबईत १९८६ च्या सुमारास लिंगनिदानाच्या विरोधात स्त्री संघटना, डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्त्यांचा मंच तयार झाला. त्यांनी पाहण्या केल्या, निदर्शने केली, लेख लिहिले. पण कायदा करायला सभागृह लागते. मृणालताईंनी अशासकीय विधेयक मांडले, मंचाने बाहेरून रेटा लावला आणि सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. १९८८ मध्ये महाराष्ट्रात तो कायदा झाला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. बाहेरच्या बायांनी माहिती आणि माणसे उभी केली, आतल्या बाईने विधेयक उभे केले. दोघींपैकी एक जरी नसती तरी हा कायदा तेव्हा झाला नसता.

त्या कायद्यात पळवाटा आहेत अशी टीका त्या मंचातल्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच केली होती. ती किती खरी होती हे आमचा जिल्हा सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, त्याआधी २००१ मध्ये ९१३ होत्या. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा आकडा साडेआठशेच्या आसपास आला, राज्यातल्या सर्वात खालच्या जिल्ह्यांमध्ये. जिजाऊंच्या जिल्ह्याची ही स्थिती. कायदा झाला म्हणजे काम झाले असे मानून आपण दवाखान्यांवरची नजर काढून घेतली, तर कागदावरचा कायदा कागदावरच राहतो. पण याचा अर्थ कायदा नको होता असा नाही. आज एखाद्या केंद्रावर बोट ठेवायचे तर त्या कायद्याच्या जोरावरच ठेवता येते.

१९८८-८९ मध्ये मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. मंत्री त्या कधीच झाल्या नाहीत. सत्तेच्या खुर्चीशिवाय काही करता येत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांचे आणखी एक काम सांगते. बाबूराव सामंत आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. शहरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरणारी जमीन बिल्डरांच्या घशात न जाता गरिबांच्या घरांना मिळावी म्हणून कोर्टात आणि रस्त्यावर लढा दिला. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सहा हजारांवर कुटुंबांची घरे त्यातून उभी राहिली. अत्याचाराला तोंड देणाऱ्या बायांसाठी गोरेगावात 'स्वाधार' हे केंद्र चालू झाले. पुढे एन्रॉनच्या विरोधातही त्या उतरल्या. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. निवडून येणे-पडणे त्यांच्याही वाट्याला आले, पण पद नसतानाही काम थांबले नाही. पद हे त्यांच्या कामातले एक साधन होते, मुक्काम नव्हता.

यावर आमच्या बैठकीत एका शेतमजूर मैत्रिणीने नेमका आक्षेप घेतला. ती म्हणाली, "त्या शिकलेल्या, मुंबईच्या, वरच्या जातीच्या. मागे सेवा दल, मागे पक्ष. आमच्या मागे कोण हाय? उद्या मी सरपंच झाले तर मला खुर्चीवर तरी बसू देतीन का?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. हजारो बाया निवडून आल्या. पण त्यांतल्या किती जणींना ठरावाचे पुस्तक घरी न पाठवता कार्यालयात सही करता येते, हे आपण आपापल्या गावात पाहतोच. दलित बाई सरपंच झाली की ध्वजवंदनाचा प्रश्न निघतो, भटक्या समाजातली झाली की ग्रामसभेला कोरम मिळत नाही. तिच्या मागे संघटना नसेल तर अडीच वर्षांत तिला जेरीस आणले जाते.

म्हणूनच मला वाटते की 'मागे कोण हाय' या प्रश्नाचे उत्तर आपणच व्हायला हवे. विदर्भ-खानदेशच्या बायांनी हे करून दाखवले आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनात लाखोंच्या संख्येने ग्रामीण बाया जमल्या आणि पंचायतींची सत्ता हाती घेण्याची भाषा तिथे झाली. आरक्षणाचा कायदा यायच्या आधी, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा अशा गावांनी संपूर्ण बायांचे पॅनेल निवडून दिले. त्या मुंबईच्या नव्हत्या, मोठ्या शिक्षणाच्याही नव्हत्या. त्या एकट्या उभ्या राहिल्या नाहीत, गटाने राहिल्या, एवढाच फरक.

विधानसभेचे चित्र तर अजून निराशेचे आहे. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांवर निवडून आलेल्या बाया शेकडा दहाही भरल्या नाहीत. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती केली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली. त्या जागा येतील तेव्हा घराणी तयारच असतील. आपण तयार असू का?

म्हणून आपल्या गटांपुढे काही गोष्टी ठेवते. पहिली, उमेदवार बैठकीत ठरावी, कुणाच्या ओट्यावर नाही, आणि शक्यतो एकीऐवजी दोघी-तिघींनी वेगवेगळ्या वॉर्डांतून उभे राहावे, म्हणजे सभेत एक बोलली तर दुसरी अनुमोदन द्यायला असेल. दुसरी, निवडून आलेल्या बाईने दर महिन्याला बायांच्या बैठकीत येऊन कोणते ठराव झाले, किती निधी आला, कुठे सही केली ते सांगावे. हा तिच्यावरचा अविश्वास समजू नये. नवऱ्याने किंवा पुढाऱ्याने 'इथे सही कर' म्हटले तर "मला बैठकीत सांगावं लागतं" असे म्हणायला तिला आधार मिळतो.

तिसरी गोष्ट महिला ग्रामसभेची. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर उरकली जाते. आपण पन्नास बाया घेऊन खरोखर बसलो, पाणी, रेशन, दारू, शाळेतल्या मुलींचे स्वच्छतागृह यांचे ठराव लिहून दिले, तर आतल्या बाईच्या हातात काही तरी असेल. ज्या गावांत बायांनी मतदानाने बाटली आडवी केली, तिथे हीच ताकद कामाला आली. चौथी, तिच्यावर अविश्वास ठराव आणला जाईल याची तयारी ठेवावी. राखीव जागेवरच्या महिला सरपंचाविरुद्ध असा ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मते लागतात, हे आपल्या प्रत्येकीला पाठ असावे. आणि शेवटची गोष्ट, ती निवडून आली तरी तिची गटातली जागा दुसरीने लगेच घ्यावी. १९७७ नंतर जे झाले ते आपल्याकडे होऊ नये.

या सगळ्यानंतरही एखादी बाई बदलेल, गाडीत बसून जाताना ओळख विसरेल. तसे झाले तर पुढच्या वेळी दुसरी उभी करू. पुरुष पुढारी किती वेळा बदलले याचा हिशेब कुणी ठेवत नाही, मग एका बाईने निराशा केली म्हणून सगळ्या बायांचे राजकारण बंद का करायचे? मृणालताई अपवाद होत्या असे म्हणून त्यांना पुलावर टांगून ठेवणे सोयीचे आहे. त्यांच्यासारखी एक शोधण्याच्या मागे न लागता, त्यांनी ज्या बायांच्या बळावर काम केले तशा शंभर बाया आपल्या गावात उभ्या करणे जास्त गरजेचे आहे. त्यातली एक निवडून जाईल आणि नव्व्याण्णव जणी तिच्या मागे राहतील.

पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, चहाच्या वेळेपर्यंत ढकलू नका. अर्ज भरायच्या तारखेआधी नावे ठरली पाहिजेत.